काट्याला खूश ठेवायची सोळा तासांची विद्या

पाळी जाऊन बारा महिने पुरे झाले ना? मग डॉक्टरांच्या लेखी रजोनिवृत्ती आली, आणि साडीला पूर्वी सहा निऱ्या पडत होत्या तिथे आता चार पडतात. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक ओसरलं की चरबी मांड्यांवरचा मुक्काम हलवून पोटात, आतड्यांभोवती बिऱ्हाड करते. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढला असं धरतात. पण तुम्ही टेप हातात घेऊच नका. वजनकाटा घ्या. त्याला चरबी कोणती न् स्नायू कोणता हे कळत नाही, त्यामुळे त्याला खूश करणं फार सोपं.

आता वजन उतरवायला रोज सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत जेवायचं. आठ तास कोणते? दुपारी एक ते रात्री नऊ. सकाळच्या वेळी शरीर साखर जास्त चांगली हाताळतं, रात्री तोच भात रक्तातली साखर जास्त चढवतो, म्हणून जाणकार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सुचवतात. त्यांना सांगा, पाच वाजता जेवायला आमच्याकडे कोण घरी असतं? मुलगा ऑफिसातून साडेआठला येतो. त्याच्याबरोबर जेवा, मग पातेल्यातला उरलेला भात ‘वाया कशाला’ म्हणून संपवा. नऊला दोन मिनिटं कमी असताना संपला की नियम पाळला.

सकाळचा चहा मोजायचा नाही. दोन चमचे साखर आणि पाव कप दूध म्हणजे सत्तरएक कॅलरी, पण चहाला कोण खाणं म्हणतं? उपास मोडतो तो पोळीने. फोडणीची चव बघताना तोंडात गेलेले दाणेही हिशोबात धरू नका.

उपास सोडायचा तो साबुदाण्याच्या खिचडीने. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत, इतकं निर्मळ पीठूळ अन्न शोधून सापडणार नाही. दाण्याचं कूट थोडी अब्रू राखतं, म्हणून ते दोनच चमचे घाला. सोळा तास रिकाम्या पोटावर ही खिचडी पडली की साखर सरसर चढते, दोन तासांत उतरते आणि परत भूक लागते. आठ तास आहेतच की.

प्रथिनांची गंमत तर बघा. ६० किलोच्या बाईला या वयात रोज साठेक ग्रॅम लागतात. तीन जेवणांत ते जेमतेम जमतात, दोनांत जमवायचे तर प्रत्येक ताटात तीस हवेत. तुमच्या ताटात दोन पोळ्यांचे सहा, अर्धी वाटी आमटीचे तीन, भात आणि भाजी मिळून पाच: झाले चौदा. त्यात वाटीभर दाट वरण, दोन अंडी किंवा ५० ग्रॅम पनीर घातलं तर आकडा तिशीकडे सरकेल, म्हणून घालू नका. नाश्त्याबरोबर दूध आणि नाचणीची भाकरी गेली, म्हणजे कॅल्शियमचाही प्रश्न मिटला. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, कपभर दुधात अडीचशेच्या आसपास असतं. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षंच हाडं सगळ्यांत भराभर झिजतात; मुहूर्त अगदी अचूक साधलात.

व्यायाम चालण्यापुरताच ठेवा, तोही मैत्रिणीशी बोलत. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, हे आठवड्यातून दोनदा केलं तर उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी होतो. मग काटा हळू सरकतो. तुम्हाला परवडेल का?

औषधांचं सगळ्यांत महत्त्वाचं. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना काही सांगू नका. डोस तोच ठेवा, जेवण फक्त काढून टाका. अकराच्या सुमारास दरदरून घाम फुटेल, छाती धडधडेल, हात थरथरतील. तेव्हा पंख्याखाली बसा आणि म्हणा, ‘वाफा येतायत, वयच तसलं.’ उतरलेली साखर आणि रजोनिवृत्तीच्या गरम वाफा इतक्या सारख्या दिसतात की ग्लुकोमीटर कपाटातून काढेपर्यंत दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून तो कपाटातच राहू द्या, आणि साखर ७० च्या खाली असली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची असते, हेही विसरा. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणीही बेताचंच प्या, म्हणजे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, तेवढी एक गोष्ट तुमच्या हातून चुकून बरोबर होईल. कॅल्शियमची गोळीही तिच्याच बरोबर गिळलीत तर तेही बिघडेल: दोन्हींत चार तासांचं अंतर नसेल तर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही.

कोणी शंका काढली तर २०१६ चं नोबेल सांगा. उपाशी पेशी स्वतःचा कचरा स्वतः कसा साफ करतात, हे जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी दाखवलं. ते काम यीस्टवर होतं, हे सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभराचा प्रयोग झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी होत्या, एकाला वेळेचंही बंधन होतं. त्याचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं सव्वासहा, आणि संशोधकांच्या मते हा फरक दखल घेण्याइतका नव्हता. म्हणजे घड्याळ लावल्यावर आपसूक कमी खाल्लं जातं, एवढंच घड्याळाचं काम. पण ‘आज मी कमी खाल्लं’ या वाक्याला भिशीत कोण दाद देणार? ‘माझे अठरा तास झाले’ म्हणा.

तीन महिन्यांत चार किलो उतरतील, त्यातला किलोभर स्नायूही असू शकतो. मग गणपती, नवरात्र, पुढे दिवाळीचा फराळ. चार किलो परत येतील, बहुतेक चरबीचेच, आणि अंगात स्नायू आधीपेक्षा कमी. जानेवारीत सोळा पुरत नाहीत असं वाटलं की वीस तासांवर जा.