सीएसएमटी सकाळी बघा, आणि बाणगंगेवर जरा जपून

मुंबईतल्या फोटो काढण्याजोग्या जागांवरच्या तुमच्या लेखात सीएसएमटी स्टेशन पहिलं ठेवलंत, छान वाटलं. पण लेखात फक्त रात्रीच्या रोषणाईचाच उल्लेख आहे. मी रोज याच स्टेशनवरून ये-जा करते, म्हणून सांगते, एकदा सकाळच्या उन्हात या. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मान वर केलीत की दगडात कोरलेली पानं, पक्षी, प्राणी दिसतात. मोबाइल थोडा झूम करा, छिन्नीचं काम लख्ख येतं. समोरची महापालिकेची इमारतही सीएसएमटीचा आराखडा करणाऱ्या स्टीव्हन्स या ब्रिटिश वास्तुविशारदाचीच. दोन्ही एकत्र बघण्यात वेगळीच मजा आहे.

यादीत वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्याचं नाव वाचून मात्र काळजी वाटली. समुद्र इतका जवळ असून तळ्याचं पाणी गोडं, चहूबाजूंनी पायऱ्या, देवळं, दीपमाळा. जागा सुंदरच आहे. पण पितृपक्षात लोक तिथे श्राद्धाला येतात. माझा मामेभाऊ मामांचं पिंडदान करत होता, डोळे भरलेले, आणि एक मुलगा अगदी समोर येऊन त्याचा व्हिडिओ काढत राहिला. हात जोडून विनंती केली तेव्हा कुठे हलला. लेखात याबद्दल दोन ओळी नक्की घाला.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतही तेच. ते लाकडी जिने आणि ओटे लोकांच्या राहत्या घरांचे आहेत. ओट्यावर बसण्याआधी नुसतं "काका, इथे एक फोटो काढू का?" विचारा. मी विचारलं तेव्हा काकांनी स्वतःहून खुर्ची बाजूला केली.