गर्दीच्या बंदरात राहून आल्यावर

18 जानेवारी 2024 नंतर बडोद्यात ‘बोटीत बसायचं नाही’ हे घरोघरी ऐकू येतं. असं म्हणणाऱ्या आईबापांना मी अजिबात नावं ठेवणार नाही. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

त्यामुळे आम्ही दोघं उन्हाळ्यात ग्रीसला शिडाच्या बोटीवर राहायला जातोय म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागला होता. आता परत आलोय, आणि माझं मत आधीपेक्षा पक्कं झालंय. पाण्याकडे पाठ फिरवून काही साधणार नाही. पाण्यावरची शिस्त हक्कानं मागायला हवी.

अथेन्सजवळच्या मरिनातून, म्हणजे शिडाच्या बोटींच्या बंदरातून, निघण्याआधी स्किपरनं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, आम्हाला सामानसुद्धा लावू दिलं नाही. आधी प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट, पट्टे ओढून. मग गॅसचा कॉक, आग विझवायचं नळकांडं, संकटात हाक मारायचा रेडिओवरचा 16 नंबरचा चॅनल. कुणी पाण्यात पडलं तर एकानं दुसरं काहीही करायचं नाही, फक्त त्याच्याकडे हाताचं बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं क्षणात दिसेनासं होतं. हे सगळं समुद्र शांत असताना, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर!

एजिना, पोरोस करत हायड्राला पोचलो आणि तिथेच मुक्काम वाढवला. या बेटावर गाड्यांना बंदी आहे, सामान खेचरांच्या पाठीवरून जातं. बंदर मात्र एवढंसं, आणि उन्हाळ्यात बोटींची ही गर्दी. बोट तिथे मागची बाजू धक्क्याकडे करून लावतात. लांबवर नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे मागे यायचं, मग मागचे दोन दोर धक्क्यावर बांधायचे. बाजूच्या बोटीत आणि आपल्यात हवेनं फुगवलेले फेंडर, बस्स. जागा संपली की दुसरी रांग लागते, आणि त्या रांगेतली माणसं तुमच्या डेकवरून चालत गावात जातात. जोडे हातात घेऊन, विचारून.

एवढ्या गर्दीत साखळ्या एकमेकींवर पडणारच. एका सकाळी शेजारच्या बोटीचा नांगर वर आला तो आमची साखळी घेऊनच. मला वाटलं, आता भांडण. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांनी आमच्या साखळीखालून एक दोर घालून ती तोलून धरली, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा केला आणि मग दोर सोडून दिला. तोवर पलीकडच्या बोटीवरचे एक आजोबा फेंडर घेऊन आमच्या कठड्याशी उभे होते, कुणी न सांगता. गर्दी होतीच, पण प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं.

आम्हा दोघांनाही कामं होती. हे पुढे नांगरापाशी, मी मागे दोर घेऊन. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. घरात अर्ध्या वाक्यावर भागतं, इथे भागत नाही. नवराबायकोंनी एकदा तरी असा प्रवास करावा, जिथे दोघांपैकी कुणीच नुसतं पाहुणं नसतं. परवाना नसेल तर स्किपरसह बोट घ्यावी, आम्ही तेच केलं. आणि रोज नवं बेट गाठायची घाई नको. एका बंदरात राहिलं की ते बंदर चालतं कसं, हे दिसायला लागतं.

‘आपल्याकडे हे जमणार नाही’ असं इथे काहींनी ऐकवलं. खंबातच्या आखातात अशी बोट बांधता येणार नाही हे खरंच. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी वीतभर, आपल्याकडे तो 10 मीटरच्या वर जातो. सकाळी तरंगणारी बोट दुपारी चिखलात बसेल. पण भावनगरला लॉक गेट बांधून ओहोटीतही पाणी अडवून धरलंच ना? आणि बडोदेकरांना समुद्र परका कधी होता? द्वारका, ओखामंडळ बडोदा संस्थानातच होतं, ओख्याचं बंदर संस्थानानंच बांधलं.

जॅकेट घालायला, माणसं मोजायला तर समुद्रही लागत नाही. बोट किती माणसांची हे तिच्यावर ठळक लिहिलंय का? मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का, की मोठ्यांचीच गळ्यात अडकवताय? बुडणाऱ्याला काढायला तयार माणूस काठावर आहे का? कुठल्याही तलावावर हे विचारायला पैसे पडत नाहीत. नातवंडं सोबत असतील तेव्हा मी रांग अडवून विचारणार आहे. मागचे लोक चिडले तरी चालेल.