नावे सांग बघू

आज सकाळी पोळ्या करताना सोबतीला गाणी असावीत म्हणून मी फोनवर मार्व्हलेट्स या साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गटाचे नाव टाकले आणि सर्वांत वर आलेला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रह लावला. ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ सुरू झाले आणि दहा सेकंदांत माझे लाटणे थांबले, कारण ते गाणे ते नव्हतेच. ड्रम्स यंत्रावर वाजवलेले होते, गाणारी बाई चांगली पोक्त होती आणि मूळ गाण्यातली ती शाळकरी घाई, पोस्टमन पुढच्या दारी निघून जाईल ही धास्ती, कुठेच नव्हती. मुखपृष्ठावर चमचमत्या झग्यांतल्या तिघीजणींचे छायाचित्र होते, त्यातली एकही या गटातली नव्हती. तीन ठिकाणी बोट लावल्यावर बारीक अक्षरांत कळले की हे ‘पुन्हा केलेले ध्वनिमुद्रण’ आहे. ते कोणी केले, कोण गायले, याचा पत्ता नाही. पोळी करपली ते वेगळेच.

माझा राग तुम्हाला अवाजवी वाटू नये म्हणून 1996 सालची एक गोष्ट सांगते. मी मिशिगनमध्ये नोकरीला नवी होते, गाडी चालवण्याचा परवाना अजून मिळायचा होता, आणि आमच्या कचेरीतल्या हिशेब खात्यातल्या एक कृष्णवर्णीय बाई तो अख्खा हिवाळा मला रोज आपल्या गाडीतून नेत आणि आणत असत. त्या डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावच्या. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डचा अवाढव्य कारखाना होता, पण तिथे काळ्या कामगारांना घर मिळत नसे, म्हणून ती कुटुंबे इंकस्टरमध्ये वसली. त्यांचे वडील त्यांपैकीच एक. या उपकाराची थोडी फेड म्हणून मी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांच्या गाजलेल्या गाण्यांची एक कॅसेट घेतली आणि त्यांना दिली. त्यांनी ती लगेच लावली. पोस्टमनचे गाणे लागल्यावर त्यांनी स्टीअरिंगवर ताल धरला, गाणे संपेपर्यंत त्या गुणगुणत राहिल्या, आणि मग आवाज बारीक करून मला म्हणाल्या, “आता यांची नावे सांग बघू.”

मी मोठ्या आत्मविश्वासाने डायना रॉसचे नाव घेतले. डायना रॉस सुप्रीम्स या दुसऱ्याच गटातली; तिचा मार्व्हलेट्सशी काही संबंध नव्हता. बाई इतक्या हसल्या की त्यांना गाडी बर्फाच्या कडेला उभी करावी लागली.

मग त्यांनी पाढे म्हणावेत तशी नावे म्हटली: ग्लॅडिस हॉर्टन, वांडा यंग, कॅथरीन अँडरसन, जॉर्जिआना टिलमन, वानिटा कॉवर्ट. त्या सगळ्यांच्या शाळेत या बाई एक वर्ष पुढे होत्या. शाळेतल्या गाण्यांच्या स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांना मोटाउन या डेट्रॉइटच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत आवाज ऐकवण्याची संधी मिळणार होती आणि या मुली चौथ्या आल्या होत्या. एका शिक्षिकेने शब्द टाकला म्हणून त्यांनाही नेले गेले. पाच नावे झाल्यावर बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आणि जॉर्जिया.” जॉर्जिया डॉबिन्स मूळ गटात होती. कंपनीने स्वतःचे गाणे घेऊन या असे सांगितल्यावर तिनेच एका ओळखीच्या वादकाकडून पोस्टमनचे गाणे मिळवले आणि त्याचे शीर्षक तेवढे ठेवून बाकीचे नव्याने लिहिले. तिची आई आजारी होती, वडिलांनी करारावर सही करायला नकार दिला, आणि ध्वनिमुद्रणाच्या आधीच ती घरी राहिली. ते गाणे 1961 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मोटाउनला असा मान मिळवून देणारे ते पहिलेच गाणे होते. ड्रम्सवर मार्व्हिन गे होता, पुढे मोठा गायक झालेला, पण तेव्हा कोणाला ठाऊक नसलेला. आणि ज्या लांबपल्ल्याच्या तबकडीला त्या गाण्याचे नाव दिले, तिच्या मुखपृष्ठावर मुलींचा फोटो नव्हता, टपालपेटीचे चित्र होते. टपालपेटीचे!

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? कारण त्या जुन्या झालेल्याच नाहीत. प्रत्येक नवा ‘सर्वोत्कृष्ट’ संग्रह तेच खोटे पुन्हा नव्या वेष्टनात विकत असतो. क्रिस्टल्स या गटाचा कोणताही संग्रह घ्या, त्यात ‘ही इज अ रेबेल’ असणारच, कारण 1962 साली ते पहिल्या क्रमांकावर होते. त्या गाण्यात क्रिस्टल्समधली एकही मुलगी गायलेली नाही. निर्माता फिल स्पेक्टर याला लॉस एंजेलिसमध्ये घाईने ध्वनिमुद्रण उरकायचे होते, क्रिस्टल्स देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, म्हणून त्याने डार्लीन लव्ह आणि तिच्या ब्लॉसम्स गटाकडून गाणे गाऊन घेतले आणि तबकडीवर नाव छापले क्रिस्टल्सचे. साठ वर्षे उलटून गेली तरी तेच नाव छापले जाते. ज्यांचे नाव लागले त्यांनी ते गाणे गायले नव्हते आणि जी गायली तिचे नाव लागले नाही, म्हणजे एका फटक्यात दोन्ही गटांचा अपमान.

सुप्रीम्सचे तर बोलायलाच नको, पण बोलतेच. फ्लॉरेन्स बॅलर्ड ही त्या गटाच्या मूळ स्थापकांपैकी एक. 1964 आणि 1965 मध्ये सुप्रीम्सची ओळीने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, त्या यशात तिचाही वाटा होता. 1967 च्या उन्हाळ्यात तिला गटातून काढले, गटाच्या नावाआधी डायना रॉसचे नाव लावले, आणि त्याच वर्षी याच नव्या नावाने दोन तबकड्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ बाजारात आणला, जो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे फ्लॉरेन्स ज्या गाण्यांत गायली होती ती गाणी तिला बाहेर काढल्यावर, दुसरीच्या नावाखाली, ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणून विकली गेली. गरिबीत दिवस काढून 1976 साली ती वारली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. हे टंकताना माझे हात थरथरत आहेत, आणि मला माहीत आहे की तुमच्यापैकी कोणी तरी खाली ‘पण डायना रॉसचा आवाजच वेगळा होता’ असे लिहिणार आहे. होता. मान्य आहे. पुढे.

हे सगळे अमेरिकेतच घडते असेही नाही. ‘महल’ची तबकडी आपल्याकडे आली तेव्हा तिच्यावर लताबाईंच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचे नाव होते. लोकांनी आकाशवाणीला पत्रे पाठवून पाठवून खरे नाव काढून घेतले. मोटाउनमध्ये जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स या तिघीजणी अँडान्टीज नावाने असंख्य गाण्यांत मागून गायल्या, प्रसंगी सुप्रीम्सच्या नावावर खपणाऱ्या गाण्यांतही. त्यांच्यासाठी कोणीही पत्रे लिहिली नाहीत.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, मनाविरुद्ध का होईना. असे संग्रह नसते तर पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ही गाणी भेटलीच नसती. शिवाय या गटांचे खरे काम मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या छोट्या तबकड्यांवर, एकेका गाण्यापुरते होते. मोठ्या तबकड्या म्हणजे दोन गाजलेल्या गाण्यांभोवती लावलेली भरताड असे, त्यामुळे त्यांचा खरा अल्बम हा संग्रहच. आणि पुन्हा गायलेल्या गाण्यांबद्दल बोलायचे तर, मूळ गाण्याचे पैसे हाती पडले नाहीत म्हणून उतारवयात त्याच गायिका तेच गाणे पुन्हा गात असतील, तर त्यांना कोणत्या तोंडाने बोल लावायचा? रॉनेट्स या स्पेक्टरच्याच हाताखालच्या तिघींच्या गटाला साऱ्या गाण्यांबद्दल सुरुवातीची सुमारे 15000 डॉलरची एक रक्कम मिळाली, तीही तिघींत मिळून. 2002 साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटांत आणि जाहिरातींत गाणी वापरू देण्याचा हक्क निर्मात्याचाच राहील, तबकड्यांच्या विक्रीवरचा कराराप्रमाणे ठरलेला वाटा मात्र त्यांना द्यावा लागेल. विक्रीवरचा वाटा, म्हणजे संग्रहांवरचाही. चाळीस वर्षांनी.

तेव्हा गायिका पुन्हा गायली याचा मला राग नाही. सकाळच्या त्या आवाजाची मालकीण कोण, हे मला जाणून घ्यायचे होते. ती ग्लॅडिसच्या नंतर आलेली कोणी असेल, किंवा गटाचे नाव विकत घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तोतया मंडळींपैकी कोणी असेल (मार्व्हलेट्सच्या नावाने असे उद्योग भरपूर झाले आहेत), किंवा चाचणीपुरती बोलावलेली एखादी गुणी मुलगी असेल, जिच्या घरच्यांना तरी ठाऊक असेल की ही आमचीच. लाखो गाणी एका बोटावर आणून ठेवणाऱ्यांना सहा नावे लिहायला जागा नाही, हे मला पटवून देऊ नका.

त्या दिवशी गाडीत, लाल दिव्यापाशी थांबलेल्या असताना, बाईंनी पर्समधून बॉलपेन काढले होते आणि कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, गाण्याच्या ओळीशेजारी, सहाही नावे लिहिली होती. जॉर्जियाचे सर्वांत आधी. मग माझी भेट मलाच परत देत म्हणाल्या, “तूच ठेव, पाठ कर, सोमवारी विचारीन.” सोमवारी त्यांनी खरोखरच विचारले आणि मी वानिटाला विसरले. कॅसेटची फीत केव्हाच गुंतून गेली. कागद अजून कपाटात आहे, शाई थोडी जांभळी पडली आहे.

आज दुपारी मी तो काढला आणि ॲपवर त्या संग्रहाखाली तक्रारीच्या रकान्यात सहाही नावे, त्यांच्याच क्रमाने, टंकून पाठवली. तीन तास झाले. “आपला संदेश तपासला जात आहे” असे दिसते आहे.