गव्हावर बाजरी, इंग्लिशवर मावशी

कंपनीने आम्हा सगळ्या सुपरवायझर लोकांना इंग्लिश सुधारायचं अ‍ॅप दिलंय, फुकट. फुकट म्हणजे पैसे कंपनी भरणार आणि अब्रू आपली जाणार. रोज त्या मोबाइलमधल्या बाईशी इंग्लिशमध्ये गप्पा मारायच्या, ती मार्क देणार आणि ते मार्क परस्पर एचआरकडे जाणार. बाई खरी नाही, एआय आहे, पण आवाज इतका गोड ठेवलाय की शिव्या पण देता येत नाहीत.

मी क्वालिटीत आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो आम्ही, भोसरीत. आमच्या शॉपफ्लोअरचं इंग्लिश सगळं नामांवर चालतं. "साहेब, बोअर ओव्हरसाइज, लॉट होल्ड, सॉर्टिंग चालू, रीवर्क पॉसिबल नाही, स्क्रॅप." चेन्नईचा साहेब असो नाहीतर हरियाणाचा, समोरच्याला सगळं कळतं आणि त्याचा बीपी वाढायचा तो वाढतो. ऑडिट पण असंच. गाड्यांच्या पार्टवाल्यांचं क्वालिटीचं स्टँडर्ड आधी टीएस १६९४९ होतं, २०१६ मध्ये त्याचं आयएटीएफ १६९४९ झालं, ऑडिटर आले नि गेले, "कंट्रोल प्लॅन?" म्हटलं की मी फाइल उघडून बोट ठेवतो, "कॅलिब्रेशन?" म्हटलं की गेजवरचा स्टिकर दाखवतो. एकानेही आजवर विचारलं नाही की बाबा रे, तुझा 'द' कुठाय.

ही बाई विचारते. तिला दर वाक्याला 'द' लागतो, आणि लावला की म्हणते इथे नको. ऑफिसला जाताना 'द' लागतो, वर्कला जाताना लागत नाही, आणि घरी जाताना तर 'टू' पण चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा, नुसतं 'आय गो होम'. का? तर असंच आहे. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट केला तर ऑपरेटर अंगावर येतो, ड्रॉइंग दाखवा म्हणतो, आणि मला ड्रॉइंग दाखवून टॉलरन्सवर बोट ठेवावं लागतं. ह्या भाषेचं ड्रॉइंग मागायचं कोणाकडे? परवा क्वेश्चन टॅगचा धडा होता. 'आय अ‍ॅम लेट' ला टॅग काय? शाळेत शिकल्याप्रमाणे जे क्रियापद तेच उलटं करून लावायचं, मग 'अ‍ॅम' चं काहीतरी व्हायला पाहिजे. तर नाही. 'आरन्ट आय.' म्हणजे 'आय आर' म्हटलं तर पट्टी, आणि 'आरन्ट आय' म्हटलं की शाब्बास.

शाळा जिल्हा परिषदेची. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आलं २००० साली, त्याआधीच्या आम्ही लोकांनी एबीसीडीचं तोंड पाचवीत बघितलं. आणि मग पुढची सगळी वर्षं काय केलं तर 'रिमूव्ह टू'. 'ही इज टू वीक टू वॉक', ह्यातला 'टू' काढा. काढला. 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.' तो माणूस आठवीत अशक्त होता, नववीत अशक्त होता, बोर्डाच्या पेपरातही अशक्तच, पण त्याला डॉक्टरकडे नेलंय असं एकाही वर्षी झालं नाही, आम्ही आपले त्याचा 'टू' काढतोय. रावणाला रामाने मारलं की रावण रामाकडून मारला गेला ह्यावर दोन-दोन मार्क. नोकरीला लागल्यापासून एवढे लॉट आले नि गेले, 'टू' काढून द्या असं कोणी म्हणालं नाही.

आणि गंमत बघा, मागे एक जर्मन साहेब आले होते ऑडिटला. मशिन बंद होतं, गेटपासच्या भानगडीत त्यांना बसवून ठेवलं, तर ते म्हणाले, "वुई आर वेटिंग सिन्स टू आवर्स." अगदी हेच वाक्य मी त्या बाईसमोर बोललो होतो, तिने लाल करून दिलं होतं, म्हणे 'हॅव बीन' पाहिजे, 'फॉर' पाहिजे. जर्मन साहेबांना कोणी लाल केलं नाही. प्लँटहेड स्वतः पळत गेले चहा सांगायला.

साहेब लोकांचं आधीपासून असंच आहे म्हणा. मोल्सवर्थ नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी मराठी शिकला, १८३१ साली त्याने मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ मध्ये वाढवून परत काढला. मोठं काम, त्यात वाद नाही. पण त्याच्या हाताशी सरकारी पगारावरचे शास्त्री-पंडित होते. त्यानंतर मेजर कँडी, ह्यांनी तर आपल्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकवलं. मराठीत! आपणच आपल्या भाषेत दम कुठे खायचा हे साहेबाने सांगितलं आणि आपण आजतागायत तिथेच खातोय. ह्या दोघांना कुठल्या एचआरने स्कोअर पाठवला असेल असं मला वाटत नाही. मला द्या चार पंडित पगारावर, मी पण बोलतो 'हॅव बीन'.

असो. मुद्दा असा की घरी प्रॅक्टिस होत नाही. मुलगी दहावीत, सेमी-इंग्लिश, मी 'हॅलो' म्हटलं की उशीत तोंड खुपसते आणि उशी हलत राहते. म्हणून मी गिरणी शोधली. भोसरी-पिंपरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, दळण माझ्याकडेच असतं आणि गिरणीच्या आवाजात माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. बाकावर बसायचं, फोन स्पीकरवर टाकून तोंडाशी धरायचा आणि बिनधास्त ओरडायचं. त्या आवाजात बाईला काय ऐकू जायचं देव जाणे, पण एकदा मी नुसता डबा सरकवायला उठलो होतो तर तिने गिरणीच्या घरघरीला 'गुड पेस' दिला होता.

आता गुरुवारची दुसरी खासियत म्हणजे मेंटेनन्ससाठी लाइट घालवतात ती पण गुरुवारीच.

धडा 'हॅव बीन' चाच होता. बाईने वाक्य दिलं, मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. गिरणीचा पट्टा फट्-फट् करत थांबला आणि त्या शांततेत माझा आवाज, "आय हॅव बीन वेटिंग फॉर यू सिन्स मॉर्निंग!"

सगळे डबेवाले माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात फोनमधून बाई लाडात म्हणाली, "वंडरफुल! नाऊ टेल मी हाऊ यू फील."

शेजारी एक मावशी बसलेल्या, पायाशी बाजरीची पिशवी, पदर खोचलेला. त्यांनी आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोनकडे.

"कोन बाई हाय ती?"

"बाई नाही मावशी, अ‍ॅप आहे. कंपनीचं. इंग्लिश शिकवतं."

"म्हंजी कॉम्प्युटर?"

"हो."

"आन तू कॉम्प्युटरची सकाळधरनं वाट बघतोयस?"

मी चाट. म्हटलं, मावशी, तुम्हाला कळलं वाक्य?

"न कळायला काय झालं? कोरेगाव पार्कात काम केलंय म्या. आश्रमाच्या बाजूला. जर्मनी मॅडम, इस्रायल मॅडम, जपानची एक व्हती ती बिचारी बोलायचीच न्हाई." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त पहिल्या तीन डब्यांना ऐकू जाईल एवढा. "शिकल्याला हायस ना तू?"

"डिप्लोमा."

"डिप्लोमा करून एवढा अडखळतोस? मघापासनं बघतीया, आय आय आय करतोय नुसता. मला वाटलं दातात काय अडाकलंय."

मागे कोणीतरी हसलं. मी फोन खिशात टाकणार तर मावशींनी हात पुढे केला. "आन हिकडं." का दिला ते मला आजही सांगता येत नाही, त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही एवढंच.

"हॅलो मॅडम. गुड मॉर्निंग. यू ईटिंग?"

बाई म्हणाली मी जेवत नाही, पण विचारलंत त्याबद्दल थँक यू. (मला कधी थँक यू म्हणाली नाही.) आणि तुम्ही?

"आय टी ओन्ली. नाऊ गिरणी. लाइट गो. ऑल पीपल सिटिंग."

"ओह नो! हाऊ लाँग हॅव यू बीन वेटिंग?"

"लाँग लाँग. नी पेन, मॅडम. फुल पेन. डॉक्टर टेलिंग ऑपरेशन, सन टेलिंग ऑपरेशन. आय टेलिंग नो. फुल नो."

"आय अ‍ॅम सो सॉरी टू हिअर अबाउट युअर नी."

मावशींनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "चांगली हाय रं बाई. तू उगं घाबरतोस." आणि मग ज्या सुटल्या. गुडघ्यावरून मुलगा, मुलावरून सून. "सन वाइफ नो गुड. नाइन ओ'क्लॉक, शी स्लीपिंग. आय मेकिंग टी. हर टी!" बाई म्हणाली फॅमिली रिलेशनशिप्स कॅन बी चॅलेंजिंग. "येस येस, सेम चॅलेंज." आता सगळी गिरणी बाकाभोवती गोळा झालेली, एकजण म्हणाला मावशी तिला विचारा लाइट कधी येणार, मावशींनी विचारलं पण, "मॅडम, लाइट कमिंग वॉट टाइम?" बाईने प्रामाणिकपणे माफी मागितली.

मी मधे दोनदा म्हटलं, मावशी, ह्याचे मार्क कंपनीत जातात. त्या म्हणाल्या, "मग तर नीट बोलाया पायजे," आणि मान फिरवली.

शेवटी टिंग वाजून मार्क आले. फ्लुएन्सी ८१. कॉन्फिडन्स 'एक्सलंट'. व्याकरणाखाली लिहिलेलं, काही छोट्या सूचना. छोट्या! अख्ख्या गप्पांत एक 'द' नाही, भूतकाळ नाही, 'हॅव बीन' चा पत्ता नाही, आणि छोट्या सूचना. माझा फ्लुएन्सीचा आकडा कायम पन्नाशीत, कारण मी 'द' लावू का नको ह्या विचारात थांबतो आणि थांबलो की मार्क कापतात, न थांबता चुकीचा लावला की तिकडून कापतात.

हसायचं तर हसा, पण ह्यात मला खरोखर राग येतो तो वेगळाच आहे. आमच्याकडे एक नवीन पोरगा आलाय, वागायला चांगला आहे, माझं त्याच्याशी वाकडं नाही. व्हर्नियर तिरका धरतो. बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेलं धातूचं कुसळ, त्यावरून बोट फिरवलं तरी त्याला लागत नाही. पण मीटिंगमध्ये 'गोइंग फॉरवर्ड' म्हणतो, 'अ‍ॅज डिस्कस्ड' म्हणतो, आणि कस्टमरसमोर प्रेझेंटेशन तो करतो, जे मी रात्री बसून बनवलेलं असतं. पार्ट परत आला की मात्र फोन मला येतो आणि तो मराठीत येतो. वर हे अ‍ॅप. आमची इन्क्रिमेंट आता त्या बाईच्या 'द' ला बांधली जाणार म्हणे, अजून लेखी काही नाही, पण कँटीनमध्ये चर्चा आहे.

तर गिरणी. लाइट आली, एकदम गलका झाला, मी उठून डबा उचलतोय तोवर मावशींची बाजरी वर हॉपरमध्ये गेलेली. आता ज्यांच्या घरी दळण येतं त्यांना सांगायला नको, गव्हावर गहू दळायचा असतो. मी ओरडलो, मावशी, माझा नंबर होता!

"यू टॉकिंग," मावशी म्हणाल्या, "आय वर्किंग."

अरे बोलत कोण होतं? गिरणीवाल्याला म्हटलं निदान सुरुवातीचं पीठ बाजूला काढा, तो हो म्हणाला आणि काढलं नाही. घरी डबा उघडल्यावर बायकोने पीठ चिमटीत घेऊन उजेडात धरलं, काही बोलली नाही. संध्याकाळी चपात्या लाटताना म्हणाली, "काय हो, सकाळपासून कोणाची वाट बघत होता म्हणे?" मावशी तिच्याच बचत गटात निघाल्या.

पण खरा कहर काल झाला. एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, कधी नव्हे ते बसा म्हणाल्या. तुमचं स्पीकिंग अचानक खूप नॅचरल झालंय सर, सगळ्या प्लँटमध्ये तुम्ही वर आहात, पुढच्या कस्टमर व्हिजिटला लाइन तुम्हीच समजवा. मी म्हटलं मॅडम, त्याचं असं आहे. तर त्यांनी आवाज एकदम मऊ केला. अ‍ॅपकडून आठवड्याचा गोषवारा येतो, त्यात बोलण्याचे विषय लिहिलेले असतात. "सर, गुडघ्याचं अंगावर काढू नका. आपल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बसतं ते. आणि सूनबाईंचं म्हणाल तर, आजकालच्या मुली आहेत, थोडं समजून घ्या."

माझी मुलगी दहावीत आहे. सून कुठून आणू?

मी सगळं सांगितलं, गिरणी, लाइट, मावशी, बाजरी. मॅडम मान हलवत होत्या, आपण लाजतोय असं त्यांना वाटलं असणार. जागेवर येईपर्यंत मेडिक्लेमचा फॉर्म मेलवर आलेला, इंग्लिशमध्ये, आणि त्यात पहिलाच प्रश्न आहे कोणता गुडघा, डावा की उजवा. मावशींना विचारायला पाहिजे, पण हल्ली त्या मला बघितलं की आधी मोबाइल मागतात.