राजदूत 350 चे दोन कार्बोरेटर ‘दहा मिनिटांत’ जुळत नाहीत

राजदूत 350 वाल्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणे दोन्ही एअर स्क्रू दीड फेरा बाहेर सोडा, स्लो (मूठ सोडल्यावरची रेस) सारखी ऐकू आली की दहा मिनिटांत दोन्ही कार्बोरेटर सिंक, म्हणजे एकमेकांशी जुळले. स्क्रू सैल केला की पेट्रोल वाढतं, मायलेज हवं तर मेन जेट (मूठ जास्त उघडल्यावर पेट्रोल सोडणारा जेट) लहान टाका, शंका आली तर व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजणारं मापक) लावा आणि ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा. एस्कॉर्ट्सने ऐंशीच्या दशकात यामाहाच्या परवान्याखाली बनवलेली ही 347 सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल आता दुर्मीळ होत चालली आहे. तिचे पिस्टन या सल्ल्यांपायी जाऊ नयेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘एअर स्क्रू सैल केला की पेट्रोल वाढतं.’ नेमकं उलटं. या गाडीच्या मिकुनी व्हीएम कार्बोरेटरचा हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवा सोडतो. बाहेर काढला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी; आत घेतला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये तो पेट्रोल सोडतो, तिथला नियम इथे लावला की गफलत होते. शिवाय या स्क्रूचा आणि पायलट जेटचा (स्लोला पेट्रोल देणारा बारीक जेट) अंमल साधारण एक अष्टमांश थ्रॉटलपर्यंतच, म्हणजे मूठ आठव्या भागाइतकी उघडेपर्यंत. पुढे स्लाइडचा (मुठीने वर-खाली होणारी झडप) कट, पाव ते पाऊण थ्रॉटल नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई, आणि त्यावर मेन जेट. पन्नासच्या वेगाला गाडी अडखळत असेल तर एअर स्क्रू पिळून काही हाती लागणार नाही.

‘स्लो सारखी झाली की सिंक झालं.’ सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. स्लोला स्लाइड आपापल्या स्टॉप स्क्रूवर (स्लाइड पूर्ण बंद होऊ न देणारा स्क्रू) बसलेल्या असतात, केबल सैल असते. मूठ पिळल्यावर एक स्लाइड आधी उचलली आणि दुसरी अर्ध्या मिलिमीटरने मागे राहिली, तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता फरफटत येतो. ते स्लोला ऐकूच येत नाही.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. पॉइंटची (ठिणगी पाडणारे संपर्क) फट 0.3 ते 0.4 मिमी ठेवा आणि ठिणगीचं टायमिंग दोन्ही बाजूंचं वेगवेगळं तपासा, कारण पॉइंटचे संच दोन आहेत. स्लो चालू ठेवून इनटेक रबरवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून दूर. रेस बदलली की तिथून हवा घुसतेय. रबर ठीक असूनही स्लो खाली येत नसेल, तर डाव्या बाजूच्या क्रँक सीलवर (क्रँकच्या टोकाचं हवाबंद रबर) संशय घ्या. उजवं सील गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, धूर वाढतो आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरते. सील गेलेल्या इंजिनावर ट्यूनिंग करणं म्हणजे वेळ फुकट.

मग जेट. दोन्हींवरचे आकडे सारखे आहेत ना बघा, पायलट जेट उजेडासमोर धरा आणि त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंची दोन्हीकडे एकच हवी.

आता खरं सिंक. इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, फिल्टरचे रबर काढलेले. स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घ्या. 3 मिमीचे दोन लांब ड्रिल बिट घ्या आणि गुळगुळीत टोक आत करून दोन्ही स्लाइडखाली एकेक ठेवा, बाकीचा भाग बाहेर लोंबता राहू द्या. मूठ अगदी हळू पिळा. दोन्ही बिट एकाच क्षणी सुटले पाहिजेत. एक मागे राहिला तर त्या कार्बोरेटरच्या झाकणावरचा केबल अ‍ॅडजस्टर फिरवा. पूर्ण मुठीला दोन्ही स्लाइड भोकातून पूर्ण वर जातात का तेही पाहा.

बिट काढा, फिल्टरचे रबर परत बसवा, एअर स्क्रू हलके टेकवून दीड फेरा बाहेर घ्या आणि स्टॉप स्क्रू थोडे वर. दीड फेरा ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. गाडी गरम करा, बंद करा, एका बाजूच्या प्लगची कॅप काढून तिच्यात जुना प्लग खोचा आणि तो हेडच्या पंखांना टेकवून अर्थ द्या. उघडी वायर सोडली तर कॉइल जाते. एका सिलिंडरवर जेमतेम चालेल इतका स्टॉप स्क्रू घ्या, एअर स्क्रूने रेस सगळ्यात वर चढते तिथे थांबा. बंद बाजूचा प्लग ओला होतो, म्हणून हे अर्ध्या मिनिटात उरका आणि मग दुसरी बाजू. दोन्ही कॅप लावल्यावर स्लो चढेल, तेव्हा दोन्ही स्टॉप स्क्रू सारखेच मागे घ्या.

स्टॉप स्क्रू हलले की केबलची ढील बदलते. म्हणून इंजिन बंद करून, रबर पुन्हा काढून, दोन्ही स्लाइड स्टॉपवरून एकत्र उठतात का ते बोट लावून परत तपासा. ही फेरी बहुतेक जण गाळतात. शेवटी हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर केबल ताणली जातेय.

‘व्हॅक्यूम गेज लावा.’ ते चार-स्ट्रोकच्या कामाचं. इथे क्रँककेसची ओढ आणि रीडची (इनटेकमधली पातळ पट्टीची झडप) उघडझाप यांमुळे काटा नाचतो, आणि स्लाइड तर डोळ्यांना दिसतात.

‘मेन जेट लहान करा, मायलेज वाढेल.’ शहरात गाडी जवळपास सगळा वेळ पाऊण थ्रॉटलखाली असते, तिथे मेन जेटचा खर्चावर परिणाम नगण्य. पण हायवेवर मूठ उघडली की तोच जेट पिस्टनला थंड ठेवतो. मिश्रण लीन झालं की पिस्टनचं डोकं तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला घासून सीझ होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आधीच थोडं लीन जातं. जेट लहान करायचा तर नाहीच, उलट प्लगचा रंग बघून एक आकडा मोठा लागतो का ते ठरवा. नवा बी8एचएस प्लग लावा, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर पूर्ण मुठीवर थोडं अंतर घ्या, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि चिनी मातीचा तळाचा भाग पाहा. पांढरा असेल तर थांबा. बदामी रंग ठीक.

‘ऑइल पंप काढून टाका.’ रेसिंगवाले काढतात, पण मग जेट नव्याने बसवतात, कारण मिसळलेलं ऑइल पेट्रोलची जागा घेतं आणि मिश्रण लीन होतं. मिसळलेलं ऑइल मुठीवर अवलंबून असतं. कसारा घाट मूठ बंद ठेवून उतरताना इंजिन जोरात फिरतं आणि ऑइल मात्र जवळजवळ थांबतं. पंप मुठीसोबत इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो, त्यामुळे थोडं ऑइल येत राहतं. त्याची केबल त्याच मुठीला आहे, म्हणून कार्बोरेटरच्या केबल हलवल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी पिनशी जुळवावीच लागते. नळी सुटली असेल तर पंपाचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडणारा) उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. तोवर टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल असल्याशिवाय किक मारू नका.