विसरून कसं चालेल?

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या छोट्या गोळ्या (पेलेट) जाळून आच आपोआप राखणारी शेगडी. तिच्यावरच्या लेखातलं 'तापमान लावा आणि विसरून जा' हे वाक्य जाहिरातीत शोभेल. आच सांभाळायची कटकट जाते हे मान्य; ११० अंश सेल्सिअसवर मांस रात्रभर ठेवून मीही निवांत झोपतो. पण ती झोप आधीच्या साफसफाईच्या जिवावर असते आणि त्या साफसफाईबद्दल लेखात एक ओळही नाही. पेलेट जळतात त्या भांड्यात राख साचली की हवा नीट खेळत नाही, विस्तव विझतो, पेलेट मात्र पडतच राहतात. तशीच ग्रिल पुन्हा पेटवली तर धुराचे लोट, आणि कधी भडकाच! त्यापेक्षा राख पूर्ण थंड झाल्यावर व्हॅक्यूम फिरवलेला बरा.

दुसरी गोष्ट ओल. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसाच. ओल लागली की तो फुगतो, सुटतो आणि ऑगरच्या, म्हणजे पेलेट विस्तवाकडे ढकलणाऱ्या, स्क्रूमध्ये सिमेंटसारखा बसतो. माझ्याकडे हे झालंय, सगळं उघडून खरवडावं लागलं. ग्रिल बरेच दिवस वापरायची नसेल तर हॉपर (पेलेट भरायचा डबा) रिकामा करा, पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

धुराची चव लागत नाही म्हणणारे बहुतेकदा आच चढवून शिजवत असतात. धूर हवा तर सुरुवातीचे काही तास ती मंदच हवी. स्टेक वरून खरपूस करायचा असेल तर मात्र लोखंडी तवा वेगळा तापवा, तिथे बऱ्याच पेलेट ग्रिल खरंच कमी पडतात.