कुलूप कोण काढणार? 'एक सातारकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते सावकाश वाचलं. 'छान लेख' एवढं टाकून पुढं जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक मला परवडतो, त्यामुळं रागावलोय असं समजू नका. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यायाम, वाचन आणि मुलांना हातानं काहीतरी करून शिकता येईल अशी जागा, या तिन्ही गोष्टी गावात किंवा वॉर्डात एकाच आवारात असाव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे. गटार नाही तिथं वाचनालय कसलं मागता? आधीच्या ओपन जिम गंजल्यात, वाचनालयात पत्ते कुटतात, तालमी पुढाऱ्यांच्या आणि त्याही फक्त पुरुषांच्या. मुलं मोबाइल सोडणार नाहीत. आणि शेवटी एक वाक्य, जे मला खरोखर लागलं: "लोकांनाच नको असेल तर तुम्ही कोण देणारे?"

फॅडाबद्दल आधी. तुम्ही सातारकर आहात म्हणून तुमच्याच जिल्ह्यातलं दाखवतो. खटाव तालुक्यातलं औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. हाच माणूस चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यानं संग्रहालय उभं केलं. आज तिथं राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं काम आहे, तेही खटावच्या दुष्काळी माळावर. १९३९ साली याच संस्थानात राज्यकारभार प्रजेकडं सोपवणारी घटना आली. आटपाडी तेव्हा औंधात होती, आता आमच्या सांगली जिल्ह्यात आहे, म्हणजे या वारशात आमचाही वाटा आहे. नमस्कार घालणं, चित्र बघणं आणि आपला कारभार आपण करणं ही त्या माणसाला वेगवेगळ्या खात्यांची कामं वाटत नव्हती. शाळेतली सक्ती मला स्वतःला आवडत नाही, पण एवढ्या जुन्या गोष्टीला पुण्याचं फॅड म्हणणं जरा जास्तच झालं.

तुम्ही म्हणाल, राजा होता, त्याला जमलं. बरोबर. पण सूर्यनमस्कार संस्थानं विलीन झाल्यावरही टिकले, कारण त्याला सतरंजीएवढ्या जागेपलीकडं काही लागत नाही. ज्याला देखभाल लागत नाही ते टिकतं, आणि ज्याला लागते त्याच्यासाठी माणूस नेमावा लागतो. माझा सगळा आग्रह या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे, आणि तुमच्या गंजलेल्या ओपन जिमचं उत्तरही त्यातच आहे.

ओपन जिमबद्दल आपण दोघं एकाच बाजूला आहोत. आमच्याकडंही बागेच्या कोपऱ्यात ती हिरवी-पिवळी यंत्रं उभी आहेत. बसवली तेव्हा संध्याकाळी बायकांची रांग लागायची. मग बेअरिंग कुरकुरायला लागलं, एका एअर वॉकरचा बोल्ट गेला, एका लहान मुलाचं बोट अडकता अडकता वाचलं, आणि कुणीतरी त्याला दोरी गुंडाळून ठेवली. ती दोरी अजून आहे. वंगणाचा डबा आणि बोल्ट आवळायचे दोन पाने एवढाच खर्च, पण तो करायचा कुणी, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

हे आळशीपणामुळं होतं असं समजू नका, पैशाचे नियमच तसे आहेत. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून यंत्र येतं, खोली बांधता येते, खोली उघडणाऱ्याचा पगार देता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला आणि ४० टक्के गावानं आपल्या गरजेप्रमाणं वापरायला मोकळा ठेवला. मात्र त्या मोकळ्या पैशातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई होती. आता सरपंच काय करणार? त्याच्या हातात वस्तू घेण्याचा पैसा आहे, माणूस ठेवण्याचा नाही. म्हणून गावोगाव पेव्हर ब्लॉक, कमानी आणि ओपन जिम दिसतात. ठेकेदाराचं बिल निघालं की काम संपलं.

याच हिशोबात तुमच्या गटारीचंही उत्तर आहे. ते ६० टक्के आधीच पाण्याला आणि स्वच्छतेला राखून ठेवले होते. गटार झाली नसेल तर ती वाचनालयानं खाल्ली नाही, एवढं नक्की.

आता वाचनालय. पत्ते कुटतात म्हणालात, कुटतात. आणखीही सांगतो, कपाटाची किल्ली हरवलेली वाचनालयं आहेत, आणि निवडणुकीच्या आधी रंग मारलेलीही आहेत. २०१२ साली सरकारनं राज्यभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी केली तेव्हा कागदावरच चालणारी बरीच निघाली होती. पण जी खरोखर चालतात त्यांचं बघा. आपल्याकडं १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान मिळतं. छोट्या गावातलं ग्रंथालय बहुधा 'ड' मध्ये. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाला ३० हजारांचं ४८ हजार झालं. त्यातला निम्मा वाटा पगाराचा धरतात, म्हणजे त्या हिशोबानं ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार. आमच्या भागात ऊस तोडणीच्या वेळेला चार दिवसांत याहून जास्त मिळतात. दोन हजारांत तो माणूस रोज संध्याकाळी पाच ते आठ कुलूप काढून बसावा, पुस्तकं चिकटवावीत, पोरांना गोष्ट वाचून दाखवावी, अशी आपली अपेक्षा. तो दुपारी दोन तास उघडतो, कारण सकाळ-संध्याकाळ त्याला दुसरं काम करावं लागतं. दुपारी दोन वाजता गावात मोकळं कोण असतं? म्हातारी माणसं आणि बेकार पोरं. ती पत्ते खेळतात. वाचणारी मुलं त्या वेळी शाळेत असतात.

म्हणून "लोकांनाच नको" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. लोक मोकळे असतात तेव्हा दार बंद, आणि दार उघडं असतं तेव्हा लोक रानात. यावरून लोकांना काय हवं ते कसं कळणार?

भिलारकडं बघून तुम्ही नाक मुरडलंत, 'पुस्तकांचं गाव म्हणजे पर्यटकांसाठी फोटो काढायची जागा'. थोडंफार आहेच तसं, पाचगणीला आलेली माणसं वाटेत थांबतात. तरी ४ मे २०१७ ला ते गाव सुरू झालं तेव्हाची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. पुस्तकांसाठी नवी इमारत न बांधता लोकांच्या घरांत, ओसरीवर, देवळात कपाटं ठेवली, एका घरात कथा, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात संतसाहित्य. फायदा काय? घराला माणूस असतोच. कुलूप कोण काढणार हा प्रश्नच उरत नाही. स्ट्रॉबेरीची खुडणी चालू असली तरी घरात एखादी आजी असते.

तालमीचं मात्र मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण तिथं तुम्ही अर्धं खरं बोललात आणि अर्धं जुनं. तालमी पुरुषांच्या होत्या, आणि कित्येक ठिकाणी अजून आहेत. गावच्या तालमीवर कुणाचा फ्लेक्स आहे ते बघून ती कुठल्या गटाची हेही कळतं. यात वाद नाही. पण तालीम ही आपल्याकडची एकच सार्वजनिक जागा अशी आहे, जिथं देखभाल हाच शिक्षणाचा भाग असतो. पहाटे पोरं येतात ती आधी कुस्तीच्या हौद्यातली माती उकरतात. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवावी लागते. दोन-चार दिवस कुणी हात लावला नाही तर ती दगड होते. नव्या पोराला वस्ताद डाव नंतर शिकवतो, खोरं आधी हातात देतो. ओपन जिममध्ये हे होऊ शकत नाही, कारण तिथं कुणी कुणाचा वस्ताद नाही. तुमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, आमच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई खेळांतून सुवर्ण घेऊन आले. दोघंही गावच्या लाल मातीतून वर गेले.

आणि बायकांचं म्हणाल तर २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. एका गदेनं सगळं बदललं असं मी म्हणत नाही. पण तालमीत मुलींची वेळ वेगळी ठेवा म्हटल्यावर पूर्वी लोक हसायचे, आता किती वाजता असं विचारतात. माझ्या लेखात तीन गोष्टी एका आवारात मागितल्या होत्या त्याचं एक कारण हेच आहे. मुलीला 'तालमीत जाते' असं घरी सांगणं अजून अवघड, 'वाचनालयात जाते' हे सोपं. शेजारीच मॅट अंथरलेली असेल तर दोन्ही होतं.

मोबाइलबद्दल फार बोलत नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे असं गावानं ठरवलं. मुलांबरोबर मोठ्यांनीही. हे 'मोठ्यांनीही' महत्त्वाचं आहे. बापाच्या हातात फोन आणि पोराच्या हातात पुस्तक हे कुठल्याच गावात चालणार नाही. अशा दीड तासात ज्या घरात बसायला जागा नाही, एका खोलीत पाच माणसं आहेत, त्या मुलानं कुठं जायचं? शेजारची खोली उघडी पाहिजे.

हातानं शिकण्याला तुम्ही 'क्राफ्टचे चोचले' म्हटलंत. मला त्यात रंगीत कागद कापणं अभिप्रेत नव्हतंच. दिवाळीतले किल्ले आठवा. पोरं सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून थेट मातीला लागतात. घमेली वाहतात, दगड उचलतात, हा व्यायाम झाला. प्रतापगडाचा बुरूज कसा, माची कुठं, दरवाजा कुठल्या बाजूला, यासाठी पुस्तक उघडतात किंवा एखाद्या काकाला भंडावून सोडतात, हे वाचन झालं. आणि हाताचं काम तर डोळ्यांसमोर असतंच, आळीव पेरून चार दिवसांत हिरवा डोंगर. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आणि कुणी शिकवायला गेलं नव्हतं. बेंदराला मातीचे बैल करणारी मुलंही अजून आहेत. फक्त गल्लीत पेव्हर ब्लॉक बसल्यापासून माती विकत आणावी लागते. मी मागतोय ती 'सर्जनशील शिक्षणाची जागा' म्हणजे एवढीच: ब्लॉक न बसवलेला एक कोपरा, पाण्याचा नळ, पत्र्याचं छप्पर, करवत-हातोडी-पाना असलेली एक पेटी, आणि ती पेटी रात्री मोजून बंद करणारा कुणी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी नदीकाठच्या माणसानं सांगायला हवी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं चिखलात गेली. तेव्हा कृष्णाकाठच्या गावांत कुणी खरंच हे करायला निघालं तर माती आणि मॅट खाली, पुस्तकं माडीवर. लिफ्ट नाही म्हणून म्हातारी माणसं चढणार नाहीत असं कुणीतरी म्हणेल. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रं खाली ठेवावीत.

राहिला पैसा. वित्त आयोगाचा चालत नाही, आमदार निधी चालत नाही, अनुदानात दोन हजार येतात. राहते ती ग्रामपंचायतीची स्वतःची मिळकत, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. यातून मानधन देता येतं. महिन्याला सहा-सात हजार, संध्याकाळचे चार तास, पुरुष नाही तर गावातली बारावी-पदवी झालेली सून चालेल, उलट मुली येण्यासाठी तीच बरी. बांधकाम काही नको, समाजमंदिर आधीच उभं आहे, त्यातल्या लग्नाच्या खुर्च्या तेवढ्या एका बाजूला लावायच्या.

तुमच्या गावात हे चालेल की नाही हे मी सांगलीत बसून सांगू शकत नाही. पण गटारीचा आणि याचा, दोन्ही विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा. आयत्या वेळी उठून बोललात तर 'पुढच्या वेळी बघू' होतं, म्हणून आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं) लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावात खोली, यंत्र, रंग यांतलं काही लिहू नका. खोली कोण उघडणार, किती वाजता, आणि त्याला महिन्याला किती देणार, एवढंच लिहा. काय होतं ते इथंच खाली कळवा, विरोधात गेलं तरी कळवा.